पाण्याचा दिवस आणि पुण्याची गाडी

त्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो दिवस नेमका पाण्याचा निघाला. दार सताड उघडं, आत फक्त आजी, आणि बाहेर गल्लीत लग्नघराइतकी धावपळ. पाइप, घागरी, प्लॅस्टिकची पिंपं, बादल्या. एका बाईच्या हातात तर कुकरसुद्धा. "सर, बसा की. नळ येलालाय, आलेच," म्हणत माझी विद्यार्थिनी दोन घागरी घेऊन समोरून गेली, ती चाळीस मिनिटांनी परत आली. त्या दुपारी कॉलेजात तिची चाचणी होती. ती का आली नाही हेही मला विचारायचं होतं. मग विचारलंच नाही.

सोलापूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. 'पाण्याचा दिवस' हा आमच्याकडे कॅलेंडरवर न छापलेला पण सगळ्यांना पाठ असलेला वार आहे. गेली कित्येक वर्षं या शहराला तीन, चार, कधी पाच दिवसांआड पाणी मिळतं. कुणाच्या घरी मुलगी बघायला जायचं असलं तरी आधी तिकडचा पाण्याचा दिवस विचारतात.

मी पदवीच्या वर्गांना व्यावसायिक अर्थशास्त्र शिकवतो. मानव विकासाचं प्रकरण दर वर्षी येतं आणि दर वर्षी त्याच वाटेनं जातं. १९९० साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं पहिला मानव विकास अहवाल काढला, पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक त्याचे प्रमुख शिल्पकार, अमर्त्य सेन यांच्या विचाराचा त्याला आधार. विकास म्हणजे माणसाला ज्या तऱ्हेचं आयुष्य मोलाचं वाटतं ते जगता येण्याच्या वाटा वाढणं. आर्थिक वाढ हे साधन, मानव विकास हे साध्य. मुलं हे वाक्य वहीत अधोरेखित करतात, पेपरात दोन गुण मिळवतात आणि विसरतात. त्या वर्षी मात्र मधल्या बाकावरून प्रश्न आला: "सर, आमच्या घरी फ्रिज आहे, पण फ्रिजमध्ये ठेवायला पाणी नाही. मग आम्ही विकसित का अविकसित?" वर्ग हसला. मला उत्तर सुचलं नाही म्हणून मी तिला तेच प्रकल्प म्हणून दिलं. शिक्षकी पेशात ही सोय असते.

पुढे जे लिहितोय ते तिच्या प्रकल्पाच्या वहीतून, त्या घरी झालेल्या चार-पाच फेऱ्यांतून आणि नंतरच्या दोन वर्षांतल्या फोनांवरून. घरच्यांच्या परवानगीनं लिहितोय, पण नावं देत नाही. घर शहराच्या पूर्व भागात. घरात तेलुगू बोलतात, शाळा मराठीतून, भांडण दोन्हींत. माणसं पाच: आजी, आई, वडील, ही मुलगी आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान भाऊ.

भोंग्याचं घर

आजीला विचारलं, सगळ्यात चांगले दिवस कुठले? तिनं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "भोंगा होता तेव्हाचे."

सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली. ती पुढे 'जुनी मिल' झाली, कारण मागून नव्या आल्या. आजोबा अशाच एका गिरणीत होते. त्यांचा पगार फार नव्हता. पण पाळी ठरलेली, फंड कापला जायचा, आजारपणाला विम्याचा दवाखाना होता, आणि महिन्याच्या ठरल्या तारखेला पैसे हातात पडायचे. किराणा दुकानदार उधारी द्यायचा तो माणसाकडे बघून नव्हे, भोंग्याकडे बघून.

नव्वदच्या दशकात गिरणीचं दार बंद झालं. देणी अडकली. माझ्या विद्यार्थिनीचे वडील तेव्हा सातवीत होते. वार्षिक परीक्षेनंतर ते शाळेत परत गेलेच नाहीत, चुलत्याच्या ओळखीनं टॉवेलच्या मागावर लागले. आज ते पंचेचाळिशीकडे झुकलेत, अजून मागावरच आहेत. कानाला खडखडाटाची इतकी सवय की घरात सगळ्यांशी ओरडूनच बोलतात.

आर्थिक वाढ थांबली की मानव विकासाला कुठून मार बसतो, त्याचं याहून सरळ उदाहरण मी वर्गात देऊ शकत नाही. अर्थतज्ज्ञ गस्टाव्ह रानिस आणि फ्रान्सेस स्टुअर्ट यांनी या नात्यात दोन साखळ्या दाखवल्या आहेत: एक वाढीकडून माणसाकडे जाते, घरच्या खर्चातून आणि सरकारी खर्चातून, दुसरी माणसाकडून वाढीकडे, शिकलेल्या आणि धडधाकट हातांमधून. गिरणी बंद पडली तेव्हा पहिली साखळी एका उन्हाळ्यात तुटली. दुसरी तुटायला तीस वर्षं लागली. सातवीत मागावर बसलेला मुलगा आज नव्या, संगणकावर चालणाऱ्या मागाला हात लावायला घाबरतो. मालक नवी मशीन घेतो तेव्हा माणूस बाहेरून आणतो.

पण आजीच्या 'चांगल्या दिवसां'वर मुलीनं वहीत एक टीप लिहिली आहे, ती मला फार आवडली. आजोबांचा पगार चालू होता तेव्हाच आजीच्या दोन मुली शाळेत न जाता घरी होत्या. भोंगा सगळ्यांसाठी वाजायचा, पण शाळेची घंटा फक्त मुलासाठी. म्हणजे साखळी चालू होती तेव्हाही ती घरातल्या सगळ्यांपर्यंत पोचत नव्हती.

सूप मांडीवर

आता आई. या घराचा खरा अर्थमंत्री तीच.

ती चौथी शिकली. लग्नाआधीपासून विड्या वळते. रात्री पानं भिजत घालायची, सकाळी ओलसर फडक्यात गुंडाळून ठेवायची, मग पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कात्रीनं कापायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका बाजूला कापलेल्या पानांची चवड. चिमूट भरायची, वळायची, दोरा मारायचा, तोंड दुमडायचं. मी घड्याळ लावून बसलो होतो, पण बोटं दिसत नाहीत, नुसती विडी दिसते. दिवसाला हजार झाल्या तर चांगला दिवस. पंचवीसचं एक बंडल, म्हणजे चाळीस बंडलं. कारखान्यात तपासणारा हात घालतो, पसंत नसलेल्या बाजूला काढतो. त्याला छाट म्हणतात. छाटीचे पैसे नाहीत, पानं आणि तंबाखू मात्र तिच्या नावावर पडते.

हजार विड्यांसाठी आठ-दहा तास. पाठ, मान आणि खोकला हे कामाबरोबर येतात. या घरात तंबाखूची धूळ इतकी मुरली आहे की पाहुणा दारात शिंकतो. आणि यातली सगळ्यात अवघड गोष्ट अशी की, हिची विडी जितकी खपेल तितकं या घराचं उत्पन्न वाढतं आणि ती ओढणाऱ्याचं आयुष्य कमी होतं. जिल्ह्याच्या उत्पन्नात ती विडी बेरीज म्हणून येते. कुठल्या तरी दुसऱ्या जिल्ह्याच्या आयुर्मानात वजाबाकी होते, ती मात्र हिच्या खात्यात कोणी लिहीत नाही. मी हे आईसमोर बोललो नाही. बोलायला मला तोंड नव्हतं.

तरीही, आणि इथे माझा स्वतःचा एक समज मोडला, मागावरच्या वडिलांपेक्षा विड्या वळणाऱ्या आईचं काम या घराला जास्त टेकू देतं. वडिलांच्या हातात आठवड्याला आईपेक्षा जास्त पैसे येतात. पण त्यांच्या नावावर काही नाही: हजेरी तोंडी, फंड नाही. आईच्या नावावर भविष्यनिर्वाह निधीचा नंबर आहे, विडी कामगाराचं ओळखपत्र आहे. हे तिला कारखानदारानं प्रेमानं दिलेलं नाही. १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा, १९७६ चा कल्याण निधी आणि सोलापुरात वर्षानुवर्षं निघालेले लाल बावट्याचे मोर्चे यांतून ते आलं. आई त्यांतल्या काही मोर्चांना गेली होती. का गेली होती असं विचारलं तर म्हणाली, "सगळ्या जात होत्या."

२०२० च्या टाळेबंदीत माग बंद, विडी बंद. तेव्हा या घरात तीन गोष्टी चालू होत्या: रेशन, उधारी आणि आईच्या फंडातून काढलेली रक्कम. वडिलांच्या वीस-पंचवीस वर्षांच्या मजुरीतून त्या दिवसांत एक रुपयाही परत आला नाही. १९९४ च्या मानव विकास अहवालानं 'मानवी सुरक्षितता' ही कल्पना मांडली, ती मी वर्गात नीट समजावू शकत नव्हतो. आता 'तुझ्या आईचा फंड' म्हणालो की निम्म्या वर्गाला समजतं.

मुलीची सहावीपासूनची शिष्यवृत्तीही विडी कामगाराची मुलगी म्हणून मिळालेली. विडीवर कल्याण उपकर होता, त्यातून दवाखाने, शिष्यवृत्त्या, घरांना मदत चालायची. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर गेला. शिष्यवृत्ती बंद झाली नाही, पण आता ती तिच्या हक्काच्या निधीतून येत नाही, सरकारच्या अर्थसंकल्पातून येते. फरक लहान वाटतो. ज्याला दर वर्षी अर्जाची वाट बघावी लागते त्याला तो लहान वाटत नाही.

मावशीचा उल्लेख इथेच करतो. ती कुंभारीला राहते, विडी कामगार महिलांच्या दहा हजार घरांच्या वसाहतीत. कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकरांचं नाव असलेली ही वसाहत माजी आमदार नरसय्या आडम, म्हणजे आमच्या आडम मास्तरांच्या पुढाकारानं उभी राहिली. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग घरं द्यायला आले होते. पुढे त्याच भागात रे नगरची तीस हजार घरांची योजना झाली, त्यातल्या पंधरा हजारांचं वाटप जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदींच्या हस्ते झालं. मावशीचं घर दोन खोल्यांचं, शहरापासून लांब. मुलं शाळेला बसनं येतात, रात्री-बेरात्री दवाखाना म्हणजे रिक्षावाल्याची विनवणी. पण घर तिच्या नावावर आहे. नवराबायकोत भांडण पेटलं तर घराबाहेर कोणी जायचं, हे तिथे कागदावर लिहिलेलं असतं. आईचं घर भाड्याचं आहे. दोघी बहिणी, एकच काम, जवळपास एकच कमाई. मावशीचा आवाज मोठा आहे.

निर्देशांकाचं गणित

प्रकल्पात मुलीनं एक आगाऊपणा केला. देशाचा मानव विकास निर्देशांक, म्हणजे आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न मिळून होणारा एक आकडा, कसा काढतात ते शिकली आणि तेच स्वतःच्या घराला लावून बघितलं. निर्देशांक घरासाठी नसतो, हे मी लाल पेनानं लिहिणार होतो. लिहिलं नाही ते बरं झालं.

आधी देशाचं. २०२५ च्या अहवालात २०२३ चे आकडे आहेत. भारताचं आयुर्मान ७२ वर्षं, शालेय शिक्षणाची अपेक्षित वर्षं १३, प्रौढांनी प्रत्यक्ष घेतलेल्या शिक्षणाची सरासरी ६.९ वर्षं, दरडोई राष्ट्रीय उत्पन्न क्रयशक्तीच्या हिशोबानं ९,०४७ डॉलर. आयुर्मान २० ते ८५ च्या पट्टीवर मोजतात, २० म्हणजे शून्य आणि ८५ म्हणजे एक: ०.८०. शिक्षणाची दोन अंगं १८ आणि १५ च्या पट्टीवर मोजून सरासरी घेतली की ०.५९. उत्पन्न १०० ते ७५,००० डॉलरच्या पट्टीवर, पण लॉगरिदम घेऊन: ०.६८. तिघांचा गुणाकार करून घनमूळ काढलं की ०.६८५. क्रमांक १३०. बांगलादेशही त्याच अंकावर, त्याच क्रमांकावर. तिथलं दरडोई उत्पन्न आपल्याहून कमी आणि आयुर्मान जास्त. केरळचं उदाहरण सगळेच देतात, म्हणून मी हे देतो.

या गणितातल्या दोन जागा मुलांना दाखवण्यासारख्या आहेत. एक, गुणाकार. २०१० पर्यंत तिन्ही अंगांची साधी सरासरी घ्यायचे, म्हणजे शिक्षणातला खड्डा पैशांनी बुजवता यायचा. गुणाकारात एक पाय लंगडा असला की सगळं घर लंगडतं. दोन, लॉगरिदम. ७५,००० डॉलरच्या मर्यादेच्या आत उत्पन्न कितीही असो, ते दुप्पट झालं की उत्पन्नाच्या अंगात भर पडते साधारण ०.१० ची, तेवढीच. हजार डॉलरचे दोन हजार होणं आणि तीस हजारांचे साठ हजार होणं निर्देशांकाला सारखंच. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग आमचंच आधी करायला पायजे की, कमी पैशात होतं." यापेक्षा चांगलं उत्तर मी अजून एकाही उत्तरपत्रिकेत वाचलेलं नाही.

आता घराचं. शिक्षणाची सरासरी पंचवीस वर्षांवरच्या माणसांची घेतात. आजी शून्य, आई चार, वडील सात. अकरा भागिले तीन, ३.६७. देशाच्या सरासरीच्या जेमतेम निम्मी. मुलगी बारावी आणि पदवीची तीन वर्षं मिळून पंधरा वर्षं शिकणार होती. निर्देशांकाच्या पट्टीवर पंधरा म्हणजे पैकीच्या पैकी. पण तेव्हा ती एकोणीस वर्षांची, मोजणीत धरत नाहीत. वहीत तिनं समासात लिहिलं होतं: 'मी मोजणीत येईपर्यंत मी कुठे असेन?'

गोल केलेले दिवस

पुन्हा पाण्याकडे येतो, कारण या प्रकरणाचा गाभा माझ्या मते तिथेच आहे.

स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. पाण्याच्या दिवसाला पेनानं गोल. मुलीनं त्याच कॅलेंडरवर कॉलेज बुडालेल्या दिवसाला फुली मारायला सुरुवात केली. जून ते ऑक्टोबर तेवीस फुल्या. त्यातल्या चौदा गोलांत होत्या. उरलेल्या नऊंमध्ये आजीचं आजारपण, एक लग्न, दोनदा ताप आणि एकदा, प्रामाणिकपणे लिहिलेलं, 'कंटाळा'.

कॅलेंडर बघून मी वडिलांना विचारलं, पाणी मुलगीच का भरते? ते मागावर असतात, हे पटलं. आई विडीचं काम सोडून उठली तर हजार होत नाहीत, हेही पटलं. भाऊ? तो तेव्हा अकरावीत होता आणि आत झोपला होता. "त्याला उठवून काय उपयोग, सांडून टाकतो," आजी म्हणाली. दोन मुली घरी ठेवणारी तीच आजी.

आता हा प्रश्न पैशाचा आहे का? उजनी धरण भरलं की ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट पाणी असतं, चांगल्या पावसात त्याहूनही जास्त. तिथून सोलापूरला शंभराहून अधिक किलोमीटरची जलवाहिनी येते. शिवाय भीमा नदीत पाणी सोडून ते औज बंधाऱ्यात अडवतात आणि टाकळीहून उचलतात; त्यातलं बरंचसं वाटेतच जिरतं, उपसलं जातं. याच उजनीनं जिल्ह्यात ऊस आणला, उसानं तीसहून अधिक साखर कारखाने आणले, राज्यात इतके कारखाने दुसऱ्या कुठल्याही जिल्ह्यात नाहीत. म्हणजे वाढ झालीच नाही असं कोण म्हणेल? ती झाली, डोळ्यांना दिसण्याइतकी झाली. २०१६ च्या जानेवारीत स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. समांतर जलवाहिनीचं काम हाती घेतलं. पण पाइप आणणं आणि नळाला रोज पाणी येणं यांच्या मधे टाक्या, व्हॉल्व्ह, गळती, वाटपाचं वेळापत्रक आणि राजकारण आहे.

या घरात दहा वर्षांत उत्पन्न वाढलं. टीव्ही, फ्रिज, दोन मोबाइल, भावाची मोटारसायकल हप्त्यावर. हे सगळं घराला स्वतःच्या पैशानं घेता आलं. पाणी, चालू असलेला सरकारी दवाखाना, वेळेवर येणारी बस, हे एका घराला विकत घेता येत नाही. ते गावानं मिळून घ्यावं लागतं. आणि गावानं मिळून घ्यायच्या गोष्टीच मुलीचा चाचणीचा दिवस ठरवत होत्या. १९९६ च्या अहवालात वाईट वाढीचे पाच प्रकार सांगितलेत: रोजगार न देणारी, गरिबाकडे न बघणारी, आवाज दाबणारी, मुळं तोडणारी आणि भविष्य खाणारी. मला तिथे सहावा प्रकार घालावासा वाटतो, नळाला न येणारी. वर्गात हा विनोद चालतो. तिच्या घरी चालला नसता.

भाऊ

भावाबद्दल थोडक्यात, कारण त्याची गोष्ट थोडक्यातच संपली. बारावीनंतर त्यानं शिक्षण सोडलं. नापास झाला नव्हता. टॉवेलच्या एका गोदामात पॅकिंगला रोजंदारी मिळत होती, ती त्यानं घेतली. घरात पैसे येण्याचा वेग वाढला, शिक्षणाची वर्षं थांबली. एकाच घरात, एकाच उत्पन्नात, बहीण पंधरा वर्षं शिकते आणि भाऊ बारा. बाजारात अकुशल हाताला लगेच पैसे मिळतात तेव्हा वाढच शाळेशी स्पर्धा करते, आणि सतरा-अठराव्या वर्षी मोटारसायकल जिंकते. वडील सातवीत नाइलाजानं गेले होते. हा हौसेनं गेला.

पुण्याची गाडी

मुलगी पहिल्या वर्गात पास झाली. सोलापुरात तिनं सहा महिने नोकरी शोधली. एका ठिकाणी हिशोब लिहायचं काम मिळत होतं, पगार आईच्या विड्यांपेक्षा थोडाच जास्त, आणि मालक म्हणाला, पहिले तीन महिने 'शिकाऊ' म्हणून फुकट. शेवटी पुण्यात एका कंपनीच्या हिशोब विभागात जागा मिळाली. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं ती गेली. सोडायला मी गेलो नव्हतो, पण त्या गाडीत दर सोमवारी माझे पाच-सात जुने विद्यार्थी असतात, हे मला ठाऊक आहे. १९३१ साली फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांचं नाव गाडीला आहे. त्यात बसून शहराची शिकलेली पोरं निघून जातात.

मला या प्रकरणातून जे म्हणायचं आहे ते इथे आहे. तिच्या पंधरा वर्षांचा खर्च कोणी केला? आईच्या पाठीनं, विडीच्या उपकरानं, बारावीपर्यंत मुलींना फी माफ करणाऱ्या राज्यानं, पूर्व भागातल्या एका मराठी शाळेनं आणि, माफ करा, थोडासा मी. त्या खर्चातून जे उत्पादन होतं ते पुणे जिल्ह्याच्या उत्पन्नात लिहिलं जातं. ती पंचवीस वर्षांची होईल तेव्हा तिची पंधरा वर्षं पुण्याच्या सरासरीत जमा होतील. इथे मागे राहिलेल्या घराची सरासरी तीच, ३.६७. पुढे भाऊ मोजणीत येईल तेव्हा ती पावणेसहा होईल. मग जिल्ह्यांची तुलना करणारा कोणी तरी म्हणेल, सोलापूर शिक्षणात मागे आहे, म्हणून मागे आहे.

दुसरी साखळी, माणसाकडून वाढीकडे जाणारी, इथे तुटलेली नाही. ती सोलापूर स्टेशनवरून निघून पुण्याला पोचते. पाठ्यपुस्तकात दोन्ही साखळ्या एकाच देशाच्या चौकटीत असतात, म्हणून गोल पूर्ण होतो. सोलापूर, लातूर, धाराशिव अशा ठिकाणी उभं राहिलं की गोल नाही, उतार दिसतो. माणूस घडवणं आमच्याकडे, माणूस वापरणं तिकडे. यावर 'इथे उद्योग आणा' एवढंच म्हणून भागत नाही. उद्योग आहेत की! मागावर माणूस मिळत नाही म्हणून मालक रडतात. शिकलेल्या मुलीनं घ्यावं असं काम नाही, हा प्रश्न आहे. टॉवेल विणणं इथे, पण त्याचा हिशोब, नक्षी, निर्यात, विक्री यांतली डोक्याची कामं फार थोडी इथे. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. चादर विणणाऱ्याच्या मुलीला मात्र चादरीच्या धंद्यात जागा मिळाली नाही.

काही सहकारी मला म्हणतात, तू उगाच दुःखी होतोस. मुलगी स्वतःच्या पायावर उभी आहे, तिला हवं ते आयुष्य तिनं निवडलं, मानव विकासाची व्याख्याच ती आहे. माणसाचा विकास मोजायचा का जिल्ह्याचा? खरं आहे. मी तिला फोनवर तेच विचारलं. ती म्हणाली, "सर, इथं नळाला रोज पाणी येतं. पहिले पंधरा दिवस मी उगाच बादल्या भरून ठेवत होते. रूममधल्या मुली हसायच्या." मग थोडं थांबून, "आईला इथं आणलं असतं, पण ती म्हणते इथं विड्यांचा कारखाना कुठाय."

टाकी

दिवाळीत ती आली तेव्हा मी घरी गेलो होतो. पुण्याच्या पगारातून तिनं गच्चीवर हजार लिटरची टाकी बसवून दिली आहे आणि नळाला अर्धा एचपीची मोटर. घरमालकानं परवानगी दिली, भाडं दोनशेनं वाढवून. आता पाण्याच्या दिवशी कोणी घागर उचलत नाही. आई बटण दाबते आणि परत सुपाशी बसते. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल आहेत, फुल्या नाहीत.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा नळ आला. मोटर सुरू झाली. पाच मिनिटांनी दारात शेजारची मुलगी येऊन उभी राहिली, आठवीतली असेल, शाळेच्या गणवेशात, हातात रिकामी घागर. "अक्का, मोटर जरा बंद कराल का? आमच्याकडं धारच येईना."

आई उठली, बटण बंद केलं. मुलगी गेली. आईनं पुन्हा सूप मांडीवर घेतलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. पाणी पाऊण तासच असतं, आणि वरची टाकी अजून अर्धी होती.